पुढे कुणी डोकावायचं नाही

नव्या बाई चौथीच्या वर्गावर रुजू झाल्या तेव्हा शाळेचं वर्ष अर्ध्यावर आलं होतं. आधीच्या बाई सुट्टीच्या काही आठवडे आधी आजारी पडल्या आणि सुट्टी संपायच्या आत वारल्या, एवढंच त्यांना मुख्याध्यापिकेनं सांगितलं होतं. मुख्याध्यापिकेला शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणत. बोलायला तोडून, आतून मायाळू, आणि कागदाच्या बाबतीत काटेकोर. वर्गाच्या किल्ल्या हातात देताना त्या म्हणाल्या, "वर्ग तयार आहे. तिनं घडवलाय. तुम्ही फक्त पुढे न्यायचा."

वर्ग खरंच तयार होता. इतका, की नव्या बाईंना पहिले काही दिवस आपण कुणाच्या तरी घरी पाहुण्या म्हणून आलोय असं वाटत राहिलं. वह्या तपासायला आणताना मुलं टेबलाच्या डाव्या अंगाला रांग लावायची. नव्या बाई उजव्या हातानं लिहिणाऱ्या, त्यामुळे प्रत्येक वही आधी फिरवून घ्यावी लागायची. "इकडून या रे," असं त्यांनी सांगून पाहिलं. मुलं मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडेच उभी. मग शेजारच्या वर्गावरच्या सरांनी सांगितलं, आधीच्या बाई डावखुऱ्या होत्या. टेबलाचा खण रिकामा होता, पुसून घेतलेला होता, तरी उघडला की लवंगेचा वास यायचा. त्यांना खोकला असायचा, लवंग तोंडात धरायच्या, हेही त्या सरांनीच सांगितलं.

पण खरी गोष्ट होती ती वाचण्याची. वर्ग एका सुरात वाचायचा आणि वाक्याचा शेवटचा शब्द येण्याआधी क्षणभर थांबायचा. मग तो शब्द सगळे मिळून टाकायचे, विहिरीत खडा टाकावा तसा. आधीच्या बाई वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत आणून सोडायच्या आणि तो एक शब्द मुलांचा असायचा. आता वाक्यही मुलंच म्हणत होती, शब्दही मुलंच म्हणत होती, आणि तरी मध्ये ती जागा मोकळी सोडत होती.

मधल्या सुट्टीनंतर शिक्षकांच्या खोलीतून परत येताना नव्या बाईंना व्हरांड्यातच तो आवाज ऐकू यायचा. मुलं त्यांची वाट न बघता वाचायला लागलेली असायची. बारीक आवाजांच्या त्या घोळक्यात एक आवाज मोठ्या माणसाचा वाटायचा, थोडा बसका, सगळ्यांना बरोबर घेऊन चालणारा. दारात पाऊल टाकलं की आत नुसती मुलं. बाईंनी हे कुणाला सांगितलं नाही. व्हरांड्याची भिंत उंच, आवाज घुमतो, अशी स्वतःची समजूत घातली. तरी पुढेपुढे त्या दाराशी येण्याआधी उगाच चपला वाजवून चालायला लागल्या.

त्याच सुमारास शिक्षण कार्यालयातले एक साहेब शाळेत आले. प्रत्येक शिक्षकानं आपल्या वर्गासाठी एक ध्येय लिहून द्यायचं होतं, आणि ते मोजता आलं पाहिजे होतं. साहेबांनी फळ्यावर दोन रकाने आखले. "मुलांना 'समजेल', मुलांना 'आवडेल', असलं लिहू नका. समजलेलं दिसत नाही. मुलं 'वाचतील', 'सोडवतील', 'सांगतील', असं लिहा. आज कुठे आहेत ते मोजा, वर्षाच्या शेवटी कुठे पोचतील ते सांगा. मधलं अंतर म्हणजे तुमचं काम."

"आणि मूल मध्येच आजारी पडलं तर?" शेजारच्या सरांनी विचारलं.

"शेऱ्याला दोन ओळी ठेवल्यात," साहेब म्हणाले.

सगळे हसले. साहेबही हसले. माणूस वाईट नव्हता.

नव्या बाईंनी लिहिलं: वर्षाच्या शेवटी वर्गातली दहापैकी आठ मुलं, आधी न पाहिलेला उतारा न अडखळता मोठ्यानं वाचतील आणि त्यात काय घडलं ते आपल्या शब्दांत सांगतील. मोठ्या बाईंनी वाचून सही केली. "चांगलं आहे. हा वर्ग दहाच्या दहा आणेल."

आज मुलं कुठे आहेत हे मोजण्यासाठी बाईंनी वर्गाचंच पुस्तक काढलं. एकेकाला टेबलाशी बोलावून धडा वाचायला लावला. धडा एका मांजराचा होता. घरातली माणसं सामानसुमान गाडीत भरून दुसऱ्या गावी निघून जातात, गडबडीत मांजर मागे राहतं. पान संपतं तिथे संध्याकाळ झालेली असते आणि मांजर भिंतीवर बसून रस्त्याकडे बघत असतं.

पहिल्या मुलानं पान झकास वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"पुढे वाच की," बाई म्हणाल्या.

"पुढे नाही, बाई."

"नाही म्हणजे? पान उलट."

त्यानं मान हलवली. हट्ट नव्हता, उद्धटपणा नव्हता. दार बंद आहे असं एखाद्यानं सांगावं तसं त्यानं सांगितलं होतं. दुसरी मुलगी आली, तिनंही मांजराला भिंतीवर बसवलं आणि पुस्तक मिटलं. तिसराही तसाच. बाईंचा पारा चढायला लागला होता, पण एवढी सगळी मुलं ठरवून इतकी शांत राहत नाहीत हेही त्यांना कळत होतं. त्यांनी एका मुलाच्या हातातलं पुस्तक घेऊन बघितलं. अलीकडची पानं वापरून मऊ झाली होती, कोपरे दुमडलेले होते. पलीकडची पानं कोरी करकरीत, एकमेकांना चिकटलेली.

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे वकील म्हणत. कशावरही वाद घालायची आणि बहुतेक वेळा जिंकायची. बाईंनी तिला बोलावलं.

"काय प्रकार आहे हा?"

वकील सरळ उभी राहिली. "आमच्या बाईंनी सांगितलंय. घंटा झाली होती आणि त्यांना खोकला आला होता. म्हणाल्या, उरलेलं पान मी आल्यावर. पुढे कुणी डोकावायचं नाही. डोकावलात तर मला कळेल."

"अगं, पण आता..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. वर्ग त्यांच्या तोंडाकडे बघत होता. "मोठ्या बाईंनी तुम्हाला काय सांगितलंय?"

"बाई रजेवर आहेत. बऱ्या झाल्या की येतील."

"आणि घरी? घरी कुणी काही बोललं नाही?"

"घरी बोलतात," वकील म्हणाली. "माझी आई बोलते, याचे बाबा बोलतात. पण शाळेत कुणी सांगितलं नाही. खरं असतं तर शाळेत सांगितलं असतं ना, बाई?"

बाईंनी मुलांना चित्र काढायला सांगितलं आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

मोठ्या बाईंच्या खोलीत त्या गेल्या तेव्हा मोठ्या बाई कपाट लावत होत्या. सगळं ऐकून होईपर्यंत त्यांनी वळून बघितलं नाही.

"दुसरं पुस्तक घ्या," शेवटी म्हणाल्या. "ध्येयात तुम्ही न पाहिलेला उतारा लिहिलाय. तो याच पुस्तकातला असला पाहिजे असं कुठे आहे?"

"उताऱ्याचं नाही म्हणत मी. मुलांना सांगितलेलंच नाही."

"परीक्षा तोंडावर आहेत. कोसळतील पोरं. सुट्टीत सांगू."

"मोठ्या बाई, पोरं तिची वाट बघतायत."

मोठ्या बाईंनी कपाटाचं दार लावलं. "तुम्ही तिला बघितलं नव्हतं," म्हणाल्या. "मी तिच्याबरोबर नोकरीला लागले. एकाच दिवशी. एका छत्रीतून आलो होतो दोघी." मग आवाज नेहमीसारखा करून, "दुसरं पुस्तक घ्या. आणि हा विषय इथेच राहू दे."

नव्या बाईंनी दुसरं पुस्तक घेतलं. नोकरी नवी होती, आणि मोठ्या बाईंचं सगळंच चुकीचं होतं असंही त्यांना वाटत नव्हतं. नव्या पुस्तकातले उतारे वर्ग हळूहळू पाण्यासारखे वाचायला लागला. पहिल्या मोजणीत निम्मी मुलं ध्येयाला पोचली, मधल्या मोजणीत दहातली सात. आलेख चढत होता. साहेबांचा फोन आला, मोठ्या बाईंनी कौतुक केलं. मांजराचं पुस्तक मात्र मुलं रोज दप्तरातून आणायची, बाकावर डावीकडे ठेवायची आणि घरी जाताना परत न्यायची. त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. बाईही नाही.

बाईंच्या घरी सासऱ्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना वाचायला बंदी होती आणि बातम्यांशिवाय चैन पडत नव्हतं. म्हणून घरी आल्यावर चहा झाला की बाई त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत. एकदा पाणीपुरवठ्याची बातमी चालली होती. सासरे खुर्चीत डोळे मिटून बसले होते, ओठांवर हसू होतं.

"मजा आणलीस हं सूनबाई तू या वाचण्याला," ते म्हणाले.

"मी काय केलं?"

"हे शेवटचा शब्द माझ्यासाठी ठेवणं. आधी वाटलं, दमतेस. मग लक्षात आलं, मला जागं ठेवायची युक्ती आहे. हल्ली मी बरोबर ओळखतो. आता बघ, 'नळाला पाणी दिवसाआड...' पुढे 'येईल'. बरोबर?"

बाई बातमी पुन्हा वाचायला लागल्या, या वेळी स्वतःकडे कान लावून. वाक्य शेवटाला आलं आणि त्यांची जीभ आपोआप थांबली. पुढचा शब्द त्यांनी ढकलून बाहेर काढला. तो आवाज थोडा बसका होता. ज्या बाईला त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं, तिची सवय त्यांच्या तोंडात येऊन बसली होती. मुलांनी आणून ठेवली होती, रोज थोडीथोडी. हे त्यांना कळलं, आणि कळल्यावरही अंगावरचा काटा गेला नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मुलांकडून सर्दी येते तसंच हे." त्याचं म्हणणं बरोबर होतं. फक्त सर्दीत माणूस आपण कोण हे विसरत नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाई जपून वाचायला लागल्या. वाक्य एका दमात संपवायचं, जागा सोडायची नाही. पण वर्गात जपणं किती वेळ टिकणार? एके दुपारी बाहेर आभाळ भरून आलं होतं, वर्गात अंधुक होतं, दिवे गेले होते. मुलांना बरं वाटावं म्हणून बाईंनी एक गोष्ट वाचायला घेतली. रंगात येऊन वाचत गेल्या. वर्गानं शेवटचे शब्द झेलायला सुरुवात केली कधी आणि आपण ते सोडायला लागलो कधी, त्यांना समजलंही नाही. छान चाललं होतं. इतक्या दिवसांत त्या वर्गात पहिल्यांदाच त्यांना घरच्यासारखं वाटलं.

गोष्ट संपली. वर्गातली सगळ्यांत लहानखुरी मुलगी, जिला मुंगी म्हणत, उठून टेबलाशी आली. डावीकडून आली. तिनं बाईंची बाही चिमटीत धरली आणि वर न बघता अगदी हळू विचारलं,

"बाई, तुम्ही आलात?"

"कुठून आले? मी इथेच आहे की."

"नाही, तुम्ही." मुंगीनं आता मान वर केली. ती बाईंच्या डोळ्यांत बघत होती, पण खिडकीच्या काचेतून आत कुणी आहे का बघावं तशी. "आम्ही नाही डोकावलो."

मागे सगळा वर्ग उभा राहिला होता. कुणी सांगितलं नव्हतं, तरी प्रत्येकाच्या हातात मांजराचं पुस्तक होतं.

त्या क्षणी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं, हे बाईंना स्पष्ट दिसलं. पान उलटलं गेलं असतं, मुलं खूश झाली असती, आलेख चढता राहिला असता. आणि मग आयुष्यभर कुणाच्या तरी जागी बसावं लागलं असतं. त्यांनी मुंगीचा हात बाहीवरून सोडवला आणि आपल्या हातात धरला.

"मी त्या नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाई गेल्या."

"कुठे?" मागून वकील म्हणाली. आवाज नेहमीसारखा वाद घालणारा नव्हता.

"वारल्या. आजारपणात वारल्या. त्या परत येणार नाहीत. तुम्हाला शाळेनं सांगायला हवं होतं. आज मी सांगते आहे."

कुणी रडलं नाही. ते सगळ्यांत वाईट होतं. एक मुलगा खाली बसला, मग दुसरा, मग सगळे. छपरावर पाऊस वाजायला लागला. मग प्रश्न सुरू झाले. त्यांना दुखलं का? त्यांच्याजवळ कोण होतं? त्यांचा चष्मा कुठे आहे? बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. "मला ठाऊक नाही," असं त्या प्रत्येकाला सांगत राहिल्या.

"मला ठाऊक आहे."

दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. एवढ्या मुलांच्या वर्गातून आवाज येत नाही म्हणून बघायला आल्या असाव्यात. त्या आत आल्या, पहिल्या बाकावर मुलांच्या शेजारी अवघडून बसल्या आणि उत्तरं देत गेल्या. थोडं दुखलं. शेवटी नाही. जवळ मी होते, त्यांची बहीण होती. चष्मा बहिणीकडे आहे.

वकील सगळ्यांत शेवटी उठली. "आम्ही थांबलोय हे त्यांना माहीत होतं?"

मोठ्या बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "ती रोज विचारायची, वर्ग कुठवर आला. मी सांगायचे, धडा संपला, पुढे गेला. तिला बरं वाटावं म्हणून सांगायचे."

"म्हणजे खोटं."

"हो. खोटं."

"मग आम्ही डोकावलो असंच वाटलं असेल त्यांना," वकील म्हणाली, आणि बाकावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागली. तिच्यामागून सगळा वर्ग फुटला. मोठ्या बाई तशाच बसून होत्या, दोन्ही हात मांडीवर, शिक्षा झालेल्या मुलासारख्या.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. मुलं वाचेनाशी झाली. चांगली वाचणारीसुद्धा अडखळायला लागली, काही तर तोंडच उघडेनात. पालक तावातावानं आले. काहींनी आधी का नाही सांगितलं म्हणून मोठ्या बाईंना धारेवर धरलं, काहींनी आता का सांगितलं म्हणून नव्या बाईंना. आपण बरोबर केलं की नाही, हे नव्या बाईंना रोज सकाळी नव्यानं ठरवावं लागे आणि दुपारपर्यंत ते डळमळीत होई. व्हरांड्यातला तो मोठ्या माणसाचा आवाज मात्र थांबला होता. परत येताना त्या दाराशी जरा उभ्या राहत, कान देत. आत नुसता गलका असायचा. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्यांना आपण कुणाला तरी घराबाहेर काढलंय असं वाटायचं.

मांजराचं पान उलटलं ते वकीलनं, एका साध्या सकाळी, कुणाला न विचारता. उभी राहून तिनं ते मोठ्यानं वाचलं. घरात नवीन भाडेकरू येतात, मांजराला दूध देतात, मांजर तिथेच राहतं. धडा संपला.

"एवढंच?" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"एवढंच आहे," वकील म्हणाली आणि खाली बसली. बाईंना वाटलं, काहीतरी बोलावं. पण मुलांनी आधीच स्वाध्यायाची वही काढली होती.

वर्षाच्या शेवटच्या मोजणीत दहातली पाच मुलं भरली. पहिल्या मोजणीत होती तेवढीच. साहेब मोठ्या बाईंच्या खोलीत आले, आकडे बघितले, पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"मध्ये सात होती," ते म्हणाले. "मग काय झालं?"

"मुलांना त्यांच्या बाईंची बातमी सांगितली," नव्या बाई म्हणाल्या.

"ती आधीच सांगितली नव्हती?"

"नव्हती," मोठ्या बाई म्हणाल्या. "निर्णय माझा होता. तसं लिहा."

साहेबांनी शेऱ्याच्या ओळींकडे बघितलं. "इथे मावणार नाही," ते म्हणाले, आणि ध्येय अपूर्ण असं लिहून सही केली. नव्या बाईंना पुन्हा प्रशिक्षणाला बसावं लागलं, वर्गही बदलून मिळाला. मोठ्या बाईंनी मुदतीआधीच निवृत्ती मागितली, त्याचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

नव्या वर्षी बाईंकडे दुसरीचा वर्ग होता. या मुलांना कुणाचीच वाट बघायची नव्हती. ती ओरडत, सांडत, भांडत वाचायला शिकत होती. पाचवीत गेलेली जुनी मुलं जिन्यात भेटली की हात हलवायची आणि पळायची. वकील नव्या सरांना सळो की पळो करून सोडते आहे असं कानावर आलं. मुंगी तेवढी अजून वर्गात मोठ्यानं वाचत नव्हती. बाई पाचवीच्या सरांकडे अधूनमधून चौकशी करायच्या, सर मान हलवायचे.

मधल्या सुट्टीत कधीकधी मुंगी दुसरीच्या रिकाम्या वर्गात यायची. बाईंना काही विचारायची नाही. शेवटच्या बाकावर बसायची, कुठलंसं पुस्तक उघडायची, घंटा झाली की निघून जायची. एकदा वह्या तपासताना बाईंच्या लक्षात आलं की तिचे ओठ हलतायत, आणि त्या ओठांतून अगदी बारीक काहीतरी बाहेर येतंय. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग उठून खिडकीशी गेल्या आणि मैदानातल्या मुलांचा आरडाओरडा ऐकत उभ्या राहिल्या. तिच्याकडे कान दिला असता तर ती कुठे अडते हे त्यांनी मनात मोजायला सुरुवात केली असती, आणि आज त्यांना ते नको होतं.